मूडल शिकवणाऱ्या मॅडमना जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

मी ‘मूडल शिकवा’ म्हणत आले होते. (मूडल म्हणजे अभ्यासक्रम, चाचण्या ऑनलाइन चालवायची प्रणाली.) तुम्ही लॉगिन करण्याआधी विचारलंत, “वर्गात वेळ कशाला कमी पडतो?” उदाहरणांवरच्या चर्चेला, मी म्हटलं. मग व्याख्या आणि सोपा सराव घरी, चर्चा वर्गात, हे आधी ठरलं. कोणतं साधन वापरायचं, ते त्यानंतर.

प्रश्नपेढीसाठी तुम्ही गिफ्ट फॉरमॅट दाखवलात. साधी टेक्स्ट फाइल. योग्य उत्तराआधी बरोबरचं चिन्ह (=), चुकीच्या उत्तराआधी टिल्ड (~) आणि हॅशपुढे (#) त्या-त्या उत्तराचा अभिप्राय. खरं शिकवणं त्या हॅशपुढे आहे, हे मला तुमच्यामुळे उमगलं. ५, ६, ७, ८, ४४ यांचा मध्यक विचारला की बरीच मुलं १४ निवडतात. नुसतं ‘चूक’ लिहू नका, मूल १४ वर कसं पोचलं ते ओळखून लिहा, असं तुमचं म्हणणं. आता तिथे येतं: ‘ही सरासरी झाली. संख्या चढत्या क्रमाने लावा आणि मधली पाहा.’ कुणी १४ निवडलं हे मला तासाआधीच दिसतं आणि एकटा ४४ सरासरीला किती ओढतो, यावर वर्गात मनसोक्त बोलता येतं.

एचफाइव्हपी या संवादी साहित्य बनवायच्या साधनाने व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारणं, चाचणी दिल्याशिवाय पुढचा भाग न उघडणं, हेही तुम्हीच बसवून दिलंत. (ही अट मोजक्याच ठिकाणी लावा, नाहीतर मुलं वैतागतात, हा तुमचा सल्ला तंतोतंत खरा ठरला.)

मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली आली, तेव्हापासून ते जीपीएल परवान्याखाली खुलं आहे, म्हणजे कुणीही ते वापरावं, बदलावं. पण परवाना फुकट असला तरी सर्व्हर कुणीतरी सांभाळावा लागतो. अपडेट, बॅकअप, परीक्षेच्या आदल्या रात्री अडलेलं लॉगिन, हे सगळं तुम्ही निस्तरता आणि त्याचा कुठे उल्लेखही होत नाही. तो इथे व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा होती.

अभ्यासक्रमाची बॅकअप फाइल मी दुसऱ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना दिली आहे. त्यांनी ती आपल्या मूडलवर चढवून प्रश्न बदलायला सुरुवातही केली. पुढच्या सत्रात संभाव्यतेचं प्रकरण घ्यायचंय. पहिला मसुदा घेऊन येतेच.

तुमची कृतज्ञ,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका