साहेब, आधी ते पेव्हर ब्लॉक काढा

शहरातल्या बागांचा कारभार पाहणारे साहेब, सोलापूर

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीतल्या बागेचं ‘सुशोभीकरण’ एकदाचं पूर्ण झालं. आभार आधीच मानून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळे. जुन्या कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले, सांधे सिमेंटने बुजवले आणि सेल्फी पॉइंटच्या कमानीला आड येतात म्हणून दक्षिणेकडच्या दोन मोठ्या फांद्या कुऱ्हाडीने उडवल्या. तेही मार्चात. एप्रिल-मे दारात उभे असताना सोलापुरात सावली तोडायची म्हणजे छाती लागते!

झाड पाणी पितं ते फांद्यांच्या घेराखाली पसरलेल्या बारीक मुळांनी, आणि त्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. तो सिमेंटवरून थेट गटारात. खाली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी. दोन पावसाळ्यांत ब्लॉक उचकटतील, मग दुरुस्तीचं नवं टेंडर निघेल. झाड वाळलं की तेही काढायचं टेंडर. सोय चोख आहे.

बुंध्यापासून चहूबाजूंनी निदान एक मीटर माती उघडी हवी, जुन्या झाडाला दीड. ब्लॉक पहारीने सुटे करा, खालची खडी आणि कच उचला, माती हाताने सैल करा. कुदळ घालू नका, मुळं तुटतात. वर तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, खोडापासून चार बोटं दूर. तो पाला आज बागेच्या कोपऱ्यात जाळला जातो, आणि खतासाठी वेगळा खर्च पडतो.

फांदी कशी कापतात हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही डाळिंबवाल्याला विचारा. जाड फांदीला खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून करवत, मग थोडं पुढे वरून. वजन उतरलं की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापायचा. कुऱ्हाडीने साल खालपर्यंत सोलून निघते, त्या जखमेतून कीड आणि बुरशी आत शिरते. आमच्या लिंबाची साल हातभर सोललेली आहे. या, बघून जा.

आता जुलैतलं आश्वासन. रोपं लावली, फोटो निघाले, ‘दर आठवड्याला टँकर येईल’ असं माइकवर सांगितलं. फेब्रुवारीत उभ्या राहिल्या त्या नुसत्या काठ्या. एक उपटून पाहिली तर प्लास्टिकची पिशवी तशीच, मुळं आतल्या आत गुंडाळलेली. खड्डा जेमतेम फूटभर. खड्डा मे महिन्यात दोन-दोन फूट खणून उन्हात तापू द्यायचा, मुरूम लागला तर तीन फूट. मातीत कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड, पिशवी फाडून रोप, काठीचा आधार, तीन फुटांचं आळं. यात कसलं तंत्रज्ञान आहे? आणि पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर पाणी.

पाणी नाही म्हणता? मग हिरवळीला कुठून येतं? दहा गुंठ्यांच्या लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर धरले तर रोजचे पाच हजार लिटर, आठवड्याचे पस्तीस हजार. तेवढ्यात पावणेनऊशे रोपं जगतात. हिशेब पाठकोऱ्या कागदावर केलाय, शे-दोनशे लिटर इकडेतिकडे असतील. आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात त्या हिरवळीवर पाटी कसली, तर ‘येथे बसू नये’.

बसायचं तरी कधी? सकाळी दहाला फाटकाला कुलूप. दुपारी पत्र्याखाली विड्या वळणाऱ्या बायकांनी सुपं घेऊन झाडाखाली यायचं नाही. रात्री भिंती तापलेल्या असतात तेव्हाही कुलूप. लोखंडी घसरगुंडी भर उन्हात उघड्यावर, मुलं पडतात ती सिमेंटवर. तिच्याखाली फूटभर वाळू टाकायला कुणाची सही लागते?

खरं दुखणं निराळं आहे. बिल निघतं रोप लावल्याचं, जगल्याचं नाही. झाडाला पाणी घालताना फीत कापता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड वारसा ठरवलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावून सात वर्षं सांभाळायला सांगितलं. सात वर्षं, साहेब! इथे सात महिने टँकर फिरकला नाही. ज्या गावात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसं जमवून तळं खोदलं, त्याच गावात एक आळं करायला वर्कऑर्डर लागते. कर मात्र वेळेत भरायचा. उशीर झाला की शास्ती.

बुंध्याभोवती दीड मीटरचं वर्तुळ आम्ही चुन्याने आखून ठेवलंय. एक माणूस, एक पहार, अर्धा दिवस.

आपले,
बागेत रोज येणारे

ता. क. – उद्घाटनाची पाटी त्याच लिंबाला चार खिळे ठोकून लावली आहे. माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे पक्कडही द्या.