साडेपाचची फेरी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल आई म्हणाली, "यांचा खोकला जात नाही आणि हे साडेपाचला टेकडीवर जायचं सोडत नाहीत." मागून बाबांचा आवाज आलाच, "पहाटेची हवा म्हणजे औषध!" वाद घातला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र.

बाबा, मागच्या डिसेंबरात आपण दोघं वेताळ टेकडीवर गेलो होतो, आठवतं? खाली कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. धूर काठीसारखा सरळ वर आला, मध्येच अडला आणि आईने तव्यावर घावन पसरावं तसा आडवा पसरला. तुम्ही म्हणालात, "काय छान धुकं!" ते धुकं नव्हतं, धुरकं होतं. आणि वर पोचेपर्यंत आपण त्याच्यातूनच धापा टाकत चाललो होतो.

हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते. तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, वरची मात्र त्यामानाने उबदार राहते. एरवी तापलेली हवा वर जाते, धूर सोबत नेते. इथे सगळं उलटं, त्यामुळे खालचं खालीच. त्यात वारा पडलेला, आणि पुणं टेकड्यांमधल्या खोलगटात. गार हवा उतरून तळाशी साचते. गाड्या, शेकोट्या, बांधकामाची धूळ रोजचीच, पण ते सगळं मावायला कधीकधी शंभर-दोनशे मीटरच उंची उरते. उन्हाळ्यातल्या दुपारी हवा दोन-दोन किलोमीटर वरपर्यंत ढवळली जाते. शिवाय पहाटेच्या दमटपणात धुराधुळीचे हे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून सगळं पांढुरकं दिसतं. त्यातले ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात.

हे शहाणपण मला दिल्लीने शिकवलं. १८ नोव्हेंबर २०२४ ला इथला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, ५०० पैकी ४९४ होता. शेजारणी पंजाब-हरियाणाच्या पराळीला, म्हणजे कापणीनंतर शेतात जाळतात त्या भाताच्या पेंढ्याला, शिव्या घालत होत्या. पराळी असतेच, पण वायव्येचा वारा तो धूर आणून टाकतो आणि मग स्वतःच पडून राहतो, त्याचं कुणी नाव घेत नाही. वारा सुटला की त्याच गाड्या आणि तेच कारखाने असूनही समोरची इमारत दिसायला लागते. गंमत म्हणजे दिल्लीच्या हवेचा आगाऊ इशारा देणारी यंत्रणा तुमच्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभारली आहे. म्हणजे मी सकाळी खिडकी उघडू की नको, ते पुण्याला विचारून ठरवते!

तर बाबा, फेरी बंद करा असं मी म्हणत नाही. नऊ-साडेनऊला निघा. ऊन चढलं, जमीन तापली की धूर वर जायला वाट मिळते. "नऊला ऊन लागतं" म्हणाल. डिसेंबरात कसलं लागतंय? टोपी घाला. कट्ट्यावरची मंडळी साडेपाचलाच जमतात, खरी अडचण तीच आहे हे मला कळतं. त्यांनाही हे पत्र वाचून दाखवा, हसले तर हसू देत. आणि खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन या, आल्याचा चहा पुरे झाला.

आई, सोसायटीतला पाला जाळण्याऐवजी मागच्या खड्ड्यात टाकायला सांग ना झाडूवाल्या दादांना. आणि पुढच्या नोव्हेंबरात इकडे यायचं म्हणत होतीस, ते नको. मार्चात या, तोवर वारे सुटलेले असतात. येताना मेतकूट आण. मागचं संपवलं, भाताबरोबर नाही, नुसतंच.

तुमची,
धाकटी