डॅशवरचा लाल बल्ब आणि अल्टरनेटर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अँबॅसडरचा बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवतोयस, तर डॅशवरचा चार्जिंगचा लाल बल्ब आधी सांभाळ. पुष्कळ जण त्याला नुसता इंडिकेटर समजतात, पण अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच्यातूनच जातो: चावी, बल्ब, डी प्लस (अल्टरनेटरवरचा बल्बच्या वायरीचा टर्मिनल), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), रोटर (आत फिरणारं विद्युतचुंबक), अर्थ (गाडीची बॉडी). डायनॅमोला लोखंडात उरलेलं चुंबकत्व पुरतं. अल्टरनेटरमध्ये ते इतकं कमी उरतं की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उघडण्याइतके व्होल्ट सावकाश फिरताना तयारच होत नाहीत.

बल्ब १२ व्होल्ट, २.२ वॉटचा घाल. सुमारे १८० मिलिअँपिअर मिळतात. एलईडी मुळीच पुरत नाही. लावायचाच असेल तर त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोड. तो गरम होतो, वायरच्या गुच्छात कोंबू नकोस. खरं तर साध्या बल्बलाही असा रेझिस्टर जोडावा, म्हणजे बल्ब उडाला तरी चार्जिंग सुटत नाही.

आता जोडणी. जुन्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असू शकतो; तसं असेल तर आधी मायनस अर्थ करून घे, नाहीतर डायोड तत्क्षणी जातील. बॅटरी सोडव. कटआउटवरच्या (डायनॅमोच्या जुन्या रेग्युलेटर डब्यावरच्या) ए आणि ए-१ टर्मिनलच्या वायरी एकत्र घट्ट जोड. डीवर दोन वायरी असतात: बारीक बल्बची, जाड डायनॅमोची. बारीक वायर एफच्या वायरीला जोड. एफच्या वायरीचं डायनॅमोकडचं टोक डी प्लसला जोड. डायनॅमोची जुनी जाड वायर दोन्हीकडून टेप लावून बंद कर, ती अल्टरनेटरच्या ४५ अँपिअरसाठी नाही. बी प्लसपासून (अल्टरनेटरचा मुख्य आउटपुट टर्मिनल) स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरच्या मोठ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत १० चौरस मिमीची नवी वायर ओढ, लग (टोकाची धातूची कडी) क्रिम्प करून.

बल्ब वगळून चावीची वायर थेट डी प्लसला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. चावी बंद केली तरी डी प्लसमधून इग्निशन कॉइलला करंट उलटा मिळत राहतो आणि इंजिन थांबत नाही. वर आतले छोटे डायोड जळतात.

चावी दिल्यावर बल्ब लागलाच नाही तर डी प्लसची वायर काढून बॉडीला टेकव. लागला, तर दोष अल्टरनेटरमध्ये: बहुधा झिजलेले ब्रश किंवा काळी पडलेली स्लिप रिंग (दोन्ही रोटरला करंट पोचवणारे भाग). नाही लागला, तर बल्ब किंवा वायर बघ. इंजिन थोडं रेस केल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बल्ब मंद जळत राहिला तर बी प्लस आणि डी प्लस यांच्यातला फरक मोज. अर्ध्या व्होल्टहून जास्त निघाला तर डायोड तपासून घे. चालू इंजिनवर बॅटरी मात्र कधीही सोडवू नकोस.

मोजलेले आकडे कळव.

तुझा मित्र