उकळले म्हणजे निर्धोक झाले, असे नाही

संपादक महोदय,

अन्नविषबाधेच्या बातम्यांखाली ‘अन्न नीट उकळा’ एवढाच सल्ला छापला जातो. बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याच्या बाबतीत तो अर्धवट आहे. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष ८५ अंश सेल्सिअसला ५ मिनिटांत निकामी होते. त्याचे बीजाणू (ज्यांतून जिवाणू पुन्हा वाढून विष बनवतो ती टणक, सुप्त रूपे) मात्र १०० अंशांवर तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. उकळून हवाबंद केलेल्या बरणीत प्राणवायू नसतो, स्पर्धक जिवाणू मेलेले असतात, आंबटपणाही कमी (सामू ४.६ हून अधिक) असला की बीजाणूंना रान मोकळेच! तेलात बुडवलेला कच्चा लसूण त्यातलाच. तो फ्रिजमध्येच ठेवावा, तोही चारच दिवस. वासावर विसंबू नये, चाखून पाहणे तर नकोच.

लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात: एकाचे दोन दिसणे, पापण्या गळणे, गिळता न येणे. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते. प्रतिविष रक्तात फिरणारे विषच अडवते, मज्जातंतूंत शिरलेले नाही. म्हणून ते देण्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहणे चूक. संशयित अन्न मात्र फेकू नये; तपासणीला ते लागते.

आणि वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये; मधातही हे बीजाणू असू शकतात.