क्रेडिट्स आधी मोजा, करार नंतर करा : अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय लिंडा मॅकमॅहन,
शिक्षणमंत्री, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
वॉशिंग्टन

विषय : विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉल खेळाडूंची शैक्षणिक पात्रता आणि वाया जाणारी क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक)

महोदया,

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थी-खेळाडूंना कितीही वेळा विद्यापीठ बदलण्याची आणि नव्या विद्यापीठाकडून लगेच मैदानात उतरण्याची मुभा दिली. तोवर एक बदली माफ असे, पण दुसऱ्या बदलीनंतर सहसा वर्षभर बाहेर बसावे लागे. संघटनेने हे औदार्य आपणहून दाखवले, असे कोणी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने काही राज्यांच्या दाव्यात जुन्या नियमाला स्थगिती दिली आणि पुढे केंद्राचे न्याय खातेही त्या दाव्यात उतरले, तेव्हा कुठे हा बदल झाला. तो योग्यच होता. प्रशिक्षक हंगाम संपण्याआधी दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी धरतो आणि त्याला कोणी एक दिवसही बसवून ठेवत नाही. मग शिक्षा फक्त एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला का, या प्रश्नाला जुन्या नियमाकडे उत्तर नव्हते. मात्र बदलीवरची इतर बंधने गेल्यावर जी एकच मोठी अट उरली, ती शैक्षणिक पात्रतेची, आणि ती कशी मोजली जाते याकडे कोणी पुन्हा वळून पाहिले नाही. हे पत्र त्या मोजणीबद्दल आहे.

मी अमेरिकेतील एका सार्वजनिक विद्यापीठात विद्यार्थ्यांना विषय निवडण्याचा आणि पदवीचा हिशेब जुळवण्याचा सल्ला देण्याचे काम करतो. माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी खेळाडू थोडेच असतात, परंतु नियमांचा काच त्यांनाच सर्वाधिक बसतो. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. ते मराठीतही प्रसिद्ध करण्याचे कारण असे की येथील पुष्कळ मराठी घरांतली मुले खर्च वाचवण्यासाठी दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून मग मोठ्या विद्यापीठात जातात, आणि फुटबॉलला कधी हात न लावताही त्यांना हाच तोटा सोसावा लागतो. मराठी वाचकांसाठी एवढेच सांगतो की येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी खेळ होय.

मूळ नियम समजायला कठीण नाही. खेळत राहायचे असेल तर विद्यार्थ्याने दर सत्रात किमान ६ आणि वर्षाला किमान १८ क्रेडिट्स मिळवावीत, गुणांची सरासरी ठरलेल्या पातळीखाली जाऊ देऊ नये, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत आपला मुख्य विषय जाहीर करावा, आणि त्या विषयाच्या पदवीला लागणाऱ्या अटींपैकी दुसऱ्या वर्षाअखेर ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के व चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के पूर्ण कराव्यात. फुटबॉलपटूंवर आणखी एक अट आहे : ऑगस्ट ते डिसेंबरच्या, म्हणजे हंगामाच्या सत्रात किमान ९ क्रेडिट्स मिळाली नाहीत, तर पुढच्या हंगामातील पहिल्या चार सामन्यांवर पाणी सोडावे लागते. महाराष्ट्रात एटीकेटीवर वरच्या वर्गात बसता येते. येथे वर्गात बसता येते, पण मैदानात उतरता येत नाही. एकाच विद्यापीठात चार-पाच वर्षे राहणाऱ्यासाठी ही चौकट जाचक नाही, उलट ती त्याला पदवीकडे ढकलते. अडचण बदली झाल्यावर सुरू होते, कारण टक्के मोजले जातात ते नव्या विद्यापीठाच्या विशिष्ट पदवीच्या मापाने.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पदवी १२० क्रेडिट्सची आहे. खेळाडू अडीच वर्षांनी, ७५ क्रेडिट्स गाठीशी घेऊन जानेवारीत नव्या विद्यापीठात येतो. कागदावर त्याची प्रगती उत्तम आहे. नवे विद्यापीठ सगळी ७५ क्रेडिट्स स्वीकारते, पत्रात तसे लिहूनही देते, आणि घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी त्यांतली ५४च उपयोगी पडतात. उरलेली २१ ‘ऐच्छिक’ या रकान्यात जाऊन पडतात, जिथे त्यांची गरजच नसते. पुढचा हंगाम त्याचे चौथे वर्ष असेल, म्हणजे त्याला ६० टक्के, अर्थात ७२ क्रेडिट्स हवीत. एका सत्रात आणि एका उन्हाळ्यात त्याला १८ क्रेडिट्स मिळवायची आहेत, तीही त्याच पदवीची, पूर्वअटी सांभाळून आणि ते विषय त्या सत्रात शिकवले जात असतील तर. त्याच विद्यापीठात ‘सामान्य अभ्यास’ अशा ढोबळ नावाची एक पदवी असते. तिच्यात ७५ पैकी ७० क्रेडिट्स सामावतात आणि अवघी दोन कमी पडतात. मग ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी त्या मुलाला काय सांगितले जाते, हे मी लिहायला नको. इंजिनिअर होऊ पाहणारा मुलगा दोन दिवसांत सामान्य अभ्यासाचा विद्यार्थी होतो आणि नियमपुस्तकाच्या दृष्टीने सर्व काही यथासांग पार पडते.

‘स्वीकारलेले’ आणि ‘पदवीला लागू झालेले’ यांतला हा फरक फक्त खेळाडूंच्या वाट्याला येत नाही. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये सादर केलेल्या अहवालात, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स गमावल्याचे म्हटले आहे. साध्या विद्यार्थ्याचा त्यात एखाद्या वर्षाचा वेळ आणि पैसा जातो, आणि तेही काही थोडे नुकसान नव्हे. खेळाडूकडे मात्र ते जास्तीचे वर्षच नसते. त्याची खेळण्याची वर्षे मोजकी आणि पात्रतेची तारीख ठरलेली, त्यामुळे तो वर्ष घालवण्याऐवजी विषय सोडतो. आकडेवारीत ही हानी कुठेच दिसत नाही, कारण तो पात्र ठरला आणि कदाचित पदवीधरही झाला. शिकायचे होते ते मात्र शिकला नाही.

यात वेळापत्रकाची भर पडते. फुटबॉलमध्ये बदलीसाठी नाव नोंदवण्याचे पोर्टल आता वर्षातून एकदाच उघडते. २०२६ मध्ये त्याची मुदत २ ते १६ जानेवारी अशी होती. सेमिस्टर पद्धतीच्या बहुतेक विद्यापीठांत दुसरे सत्र याच महिन्यात सुरू होते, आणि क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे वर्षाची दोनऐवजी जास्त आणि लहान सत्रे करणाऱ्या, विद्यापीठांत तर पोर्टल उघडताच वर्ग भरू लागतात. म्हणजे नाव नोंदवणे, भेटी, बोलणी, प्रवेश, विषयनिवड आणि वर्गात हजर होणे, हे सगळे काही दिवसांत उरकायचे. जुन्या विद्यापीठाची गुणपत्रिका यायची असते. ज्या प्राध्यापकाने ‘हा विषय आमच्या अमुक विषयाशी समकक्ष आहे’ असे ठरवायचे, ते सुटीवर असतात. क्वार्टरची क्रेडिट्स सेमिस्टरमध्ये आणताना दोन तृतीयांश होतात, हे अनेक मुलांना गुणपत्रिका हातात पडल्यावर कळते. अशा घाईत क्रेडिट्सचे मूल्यमापन हमखास मागे पडते आणि मुलगा वर्गात बसल्यावर, कधी कधी सत्र निम्मे सरल्यावर, हिशेब हाती येतो. तोवर परतीची वाट उरलेली नसते.

पैशांच्या बाबतीत मात्र एवढी सैल कारभाराची पद्धत कुणाला चालत नाही. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. करारात रक्कम, हप्ते, मुदत, मधेच सोडल्यास परतफेड, सगळे कलमवार लिहिलेले असते. ज्या विद्यापीठाला डॉलरचा हिशेब सहीपूर्वी देता येतो, त्याला क्रेडिट्सचा हिशेब सहीपूर्वी देता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. तो मागायची कुणाला गरज वाटत नाही, एवढेच.

मी पात्रतेचे नियम काढून टाका असे म्हणत नाही, आणि ते म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षे खेळून व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव कमावलेल्या डेक्स्टर मॅनली यांनी १९८९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, आपल्याला वाचता येत नव्हते, हे रडत सांगितले होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अठरा वर्षे चाललेल्या नावापुरत्या वर्गांचा लाभ ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांना मिळाला आणि त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता, हे २०१४ च्या चौकशी अहवालाने उघड केले. टक्क्यांची शिडी २००३ मध्ये कडक झाली ती मॅनली यांच्यासारख्या अनुभवांतून, आणि तिच्यामुळे विद्यापीठांना निदान काहीतरी जाब द्यावा लागतो. माझी तक्रार एवढीच की नियम ज्या गैरप्रकाराला आळा घालण्यासाठी आला, बदली झालेल्या खेळाडूच्या बाबतीत तो त्याच गैरप्रकाराला सभ्य वेष देतो : सोयीची पदवी, सोयीचे वर्ग, आणि कागद मात्र निर्दोष.

ज्यांना या मोजणीतून सुटका मिळते, त्यांची उदाहरणे बोलकी आहेत. जो बरो यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाची पदवी घेतली, मग लुइझियाना स्टेटकडे गेले आणि २०१९ मध्ये हाइझमन पारितोषिक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवले. फर्नांडो मेंडोझा यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाची पदवी पूर्ण करून इंडियाना विद्यापीठ गाठले आणि २०२५ मध्ये तेच पारितोषिक जिंकले. आधी पदवी, मग बदली, असे केले की टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही. हा मार्ग उत्तम आहे, पण तो कुणाला जमतो? ज्याला पहिल्या दिवसापासून चांगला सल्ला मिळाला, शाळेतच काही क्रेडिट्स मिळाली, ज्याचा प्रशिक्षक टिकला, त्याला. कम्युनिटी कॉलेजातून किंवा दोन-तीन विद्यापीठे फिरून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलाला तीन वर्षांत पदवी घे असे सांगणे म्हणजे त्याला काहीच न सांगण्यासारखे आहे.

आपल्या अधिकाराच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. १९७९ च्या ज्या कायद्याने आपले खाते जन्माला आले, त्यानेच अभ्यासक्रमात ढवळाढवळ करण्यास मनाई केली, आणि कोणते क्रेडिट लागू करावे हे विद्यापीठानेच ठरवले पाहिजे. शिवाय हे खातेच गुंडाळण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा आदेश २० मार्च २०२५ रोजी निघाला आहे, त्यामुळे त्याच्याकडे नवे काम मागणे काहींना विनोद वाटेल. तरीही विद्यार्थी-साहाय्याचा संघीय पैसा ज्या अटींवर विद्यापीठांना मिळतो, त्या अटी आज आपल्या हाती आहेत. आणि जुलै २०२५ मध्ये अध्यक्षांनी महाविद्यालयीन खेळांविषयी काढलेल्या आदेशाने ज्या खात्यांवर जबाबदारी टाकली, त्यांत आपले खातेही आहे. त्या आदेशाचा भर शिष्यवृत्त्या, महिलांचे खेळ आणि पैशांचे व्यवहार यांवर आहे. त्याच कामात ही एक बाब जोडता येईल.

बदलीच्या क्रेडिट्सबाबत आपले धोरण जाहीर करण्याचे बंधन विद्यापीठांवर आजही आहे. परंतु धोरण वाचून कुणाला आपले क्रेडिट लागू होईल की नाही हे कळत नाही. तेव्हा बदलीने येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, तो खेळाडू असो वा नसो, अनामत भरण्यापूर्वी किंवा करारावर सही करण्यापूर्वी, त्याने सांगितलेल्या मुख्य विषयाच्या पदवीला त्याची किती क्रेडिट्स लागू होतील आणि कोणती का होणार नाहीत, याचा लेखी हिशेब देणे बंधनकारक करावे. निर्णय विद्यापीठाचाच राहील. फक्त तो वेळेवर कळेल. जिथे तो वेळेत देता आला नाही, तिथे बदलीमुळे पडलेल्या तुटीपुरती टक्क्यांच्या अटीत एका सत्राची मुदत द्यावी, आणि सत्रातली किमान क्रेडिट्स व गुणांची सरासरी या अटी जशाच्या तशा ठेवाव्यात, अशी शिफारस आपण एनसीएएकडे करू शकता. खास प्रकरणांत सवलतीचा अर्ज आजही करता येतो, पण तो विद्यापीठाला खेळाडू किती हवा आहे यावर अवलंबून राहतो, असा माझा अनुभव आहे. राखीव फळीतल्या मुलासाठी अर्जाची जाड फाइल कोणी तयार करत नाही.

दुसरी मागणी आकड्यांची आहे. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे संघीय प्रमाण काढताना बदलून आलेला विद्यार्थी नव्या विद्यापीठाच्या हिशेबात धरला जात नाही आणि जुन्या विद्यापीठात तो पदवी न मिळवणाऱ्यांत मोजला जातो. एनसीएएचे स्वतःचे प्रमाण याहून उदार आहे. त्यात पात्र असताना सोडून गेलेला खेळाडू जुन्या विद्यापीठाच्या हिशेबातून वगळला जातो. तीन-चार विद्यापीठे फिरलेल्या मुलाचे शेवटी काय झाले, हे यांपैकी एकही आकडा नीट सांगत नाही. बदलून आलेल्या खेळाडूंची किती क्रेडिट्स पदवीला लागू झाली आणि बदलीनंतरच्या वर्षभरात किती जणांनी मुख्य विषय बदलला, या दोन गोष्टी विद्यापीठांनी दरवर्षी, नावे न देता, आपल्या खात्याला कळवाव्यात. ही माहिती प्रत्येक विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात असतेच, कारण ती काढल्याशिवाय खेळाडूला पात्र ठरवता येत नाही.

भारतात २०२१ च्या जुलैपासून क्रेडिट्सची राष्ट्रीय बँक उभी राहात आहे आणि महाराष्ट्रातील विद्यापीठेही तिच्यात सामील होत आहेत. क्रेडिट साठवणे आणि ते पदवीला लागू होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा प्रत्यय तिथल्या विद्यार्थ्यांनाही पुढे येईल, म्हणून तिकडच्या संबंधितांनीही अमेरिकेचा हा अनुभव नजरेखालून घालावा.

पोर्टलची पुढची मुदत सुरू होण्यापूर्वी, किमान पहिल्या मागणीबाबत आपले खाते विद्यापीठांना मार्गदर्शक पत्रक काढू शकते. नियम बदलण्याची लांबलचक प्रक्रिया त्यानंतर चालू राहू शकेल. पत्रकाचा मसुदा आणि हिशेबाच्या तक्त्याचा नमुना इंग्रजी प्रतीसोबत जोडला आहे. त्यावर आपल्या कार्यालयाचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
एक शैक्षणिक सल्लागार