मोटार बदलू नकोस, आधी डायल लाव

सिडको, नाशिक
रविवार

प्रिय दत्ता,

पत्र मिळालं, बरोबर तुझ्या सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, कापलेल्या एमडीएफच्या जाळीचा तुकडाही. तुकडा पाठवलास हे लई बेस्ट केलंस. फोटोवरून मशीनचं दुखणं सांगणं म्हणजे नुसते अंदाज असतात. तुकडा हातात आला की वर्नियर लावता येतो, कडेवरून नख फिरवता येतं.

तू लिहिलंयस की मोटारी कमी पडतायत, म्हणून मोठ्या, नेमा ३४ मापाच्या मागवतोस. गड्या, थांब. तुकडा तसं म्हणत नाहीये. मुळात तुझ्या मशीनला एक नाही, दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तू दोघांना एकाच औषधाची बाटली पाजायला निघालायस.

तुकडा उजेडात तिरका धरून बघ. प्रत्येक भोक डावी-उजवीकडे किंचित चपटं आहे. वर-खाली मात्र गोलाई स्वच्छ. म्हणजे एक्स अक्ष दिशा बदलताना क्षणभर जागीच राहतो आणि तेवढ्यात वाय पुढे सरकतो. हा सरळसरळ एक्सचा प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा. वाय धडधाकट आहे. भोक एक्स किंवा वायच्या रेषेत लांबट असतं तर स्टेप्स पर मिलिमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरला मोटारीची किती पावलं याचा, आकडा तपास म्हटलं असतं. पंचेचाळीस अंशात लांबट असतं तर गॅन्ट्री (कापणारं स्पिंडल धरणारी आडवी कमान) गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असं म्हटलं असतं. (तेही एकदा बघून ठेव. ३०० बाय ४०० वर चार भोकं पाड, दोन्ही कर्ण ५०० यायला हवेत. गवंडी पाया आखताना करतात तेच.)

आता दुसरं दुखणं. तुझ्या पंधरा ओळी मी एकेक मोजल्या. प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा साधारण ०.११ मिलिमीटर डावीकडे सरकलीय. शेवटची ओळ दीड मिलिमीटरहून थोडी जास्तच लांब गेलीय. सरकणं दर ओळीला सारखं, आणि एकाच बाजूला. प्ले असा साठत जात नाही. तो पहिल्या भोकाला जेवढा, तेवढाच शंभराव्या भोकालाही असतो. मोटार ताकदीअभावी अडकली तर एकदम मोठी उडी पडते, कधी पहिल्या ओळीत, कधी दहाव्या. इतक्या हिशेबाने ती चुकत नाही.

म्हणून हिशेबच मांडला. तुझा गॅन्ट्री सरकवणारा बॉल स्क्रू १६०५, म्हणजे एका फेऱ्याला ५ मिलिमीटर. मोटारीचे फेऱ्याला २०० स्टेप, मायक्रोस्टेप ८ (एका स्टेपचे आठ तुकडे), म्हणजे फेऱ्याला १६०० पल्स (विजेचे ठोके) आणि मिलिमीटरला ३२०. एका ओळीत बारा भोकं, प्रत्येक भोक तीन पासमध्ये (थरांत). एका पासमध्ये एक्स एकदा जातो आणि एकदा येतो. म्हणजे ओळीला छत्तीस फेऱ्या. फेरीला एक पल्स हुकला तर ३६ भागिले ३२०, म्हणजे ०.११. वर्नियर दाखवतो तेवढंच! हे जुळलं तेव्हा मी चहा तसाच टाकून पुन्हा मोजायला बसलो.

असं का होतं, तर ड्रायव्हरला (मोटार फिरवणाऱ्या सर्किटला) दिशेचा सिग्नल पल्सच्या आधी काही मायक्रोसेकंद मिळावा लागतो. किती, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. ग्रबल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दिशा आणि पल्स जवळजवळ एकदमच सोडतो. मग दिशा बदलल्यावरचा पहिला पल्स हुकू शकतो. जाताना आणि येताना दोन्हीकडे सारखं झालं तर ते फिटून जातं, पण ड्रायव्हरमधला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवणारा भाग) चालू व्हायला आणि बंद व्हायला वेगवेगळा वेळ घेतो, म्हणून एका बाजूची चूक शिल्लक राहते. डॉलर २ या सेटिंगने एक्सचा पल्स उलटा करून बघ, म्हणजे मोजली जाणारी कड पल्सच्या दुसऱ्या टोकाला जाईल आणि दिशेला मधला वेळ मिळेल.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) गॅन्ट्रीला टेकव, काटा शून्यावर आण. स्पिंडल बंद, टूल काढलेलं. एक्सला १० मिलिमीटर पुढे-मागे अशा शंभर फेऱ्या दे, फीड (वेग) मिनिटाला ५०० मिलिमीटर. शेवटी नेहमी एकाच बाजूने शून्यावर ये, नाहीतर प्लेची भेसळ होईल. काटा ०.३१ च्या आसपास थांबला तर माझं म्हणणं खरं. मग हेच फीड ३००० ला कर. आकडा तेवढाच राहिला तर मोटारीचा काही दोष नाही. वाढला तर वेगाचा प्रश्न आहे, पण तेव्हाही आधी ॲक्सिलरेशन निम्मं कर. तुझा सप्लाय २४ व्होल्टचा आहे आणि डीएम५४२ ड्रायव्हर पन्नासपर्यंत चालतो. स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर पडतो, तो ३६ व्होल्टवर बराच टिकतो. जड मोटारीचं इंडक्टन्स (करंट चढायला होणारा विरोध) जास्त असेल तर २४ व्होल्टवर ती उलट आधी दमेल.

तिसरी चाचणी स्पिंडल चालू ठेवून, हवेतच. आकडा तेव्हाच बिघडला तर व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) विजेचा नॉइज आहे. इथे मला अर्थिंगने बराच त्रास दिला. नाशिकला थोडं खणलं की खाली काळा खडक, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो. स्पिंडल सुरू झालं की लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे) उगाच ट्रिप व्हायचे. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी टाकलं, स्पिंडलची केबल शील्डेड घेतली, तिचं शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थ केलं आणि सिग्नलच्या वायरी तिच्यापासून वेगळ्या नेल्या, तेव्हा थांबलं. आणि हो, ड्रायव्हर चालू असताना मोटारीची वायर कधी काढू नकोस. ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

आता प्ले. आधी शाफ्टवरून कपलिंगवर (मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्यावर) मार्करने एक सरळ रेघ मार. जाळी कापून झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग आवळणारा ग्रब स्क्रू घसरतोय. रेघ शाबूत असेल तर स्क्रूच्या मोकळ्या टोकाकडे जा. तिथे सेंटरचा खड्डा असतो. त्यात थोडं ग्रीस लावून बेअरिंगमधली एक गोळी चिकटव आणि डायलची टोकणी त्या गोळीवर टेकव. मोटारींना करंट असू दे आणि गॅन्ट्री हाताने पुढे-मागे ढकल. काटा हलला तर अख्खा स्क्रूच सरकतोय, म्हणजे स्क्रूचं टोक धरणाऱ्या बीके१२ बेअरिंग ब्लॉकचा लॉकनट ढिला. काटा स्थिर आणि गॅन्ट्री मात्र हलतेय, तर स्क्रूवरचा नट किंवा त्याच्या ब्रॅकेटचे बोल्ट. माझी पैज लॉकनटवर. या किटमध्ये तो कुणी नीट आवळूनच पाठवत नाही. ग्रबलमध्ये बॅकलॅशची, म्हणजे या प्लेची, भरपाई नाहीच, आणि असती तरी लाकूड कापताना ढिला स्क्रू सॉफ्टवेअरने धरून ठेवता येत नाही.

आणखी एक. तीनशे मिलिमीटरला दीड मिलिमीटर कमी आलं म्हणून तू ३२० चा आकडा ३२१.६ करून ठेवलायस. तो परत ३२० कर. सी७ ग्रेडच्या स्क्रूची चूक ३०० मिलिमीटरला ०.०५ असते, दीड नव्हे. बेल्टच्या मशीनला असा आकडा ठोकून बसवणं चालतं, बॉल स्क्रूला नाही. मोजताना पट्टी कुठे धरलीस ते बघ.

इकडे २०२७ च्या सिंहस्थामुळे पाट्यांची कामं बरी मिळतायत, रात्री उशिरापर्यंत स्पिंडल चालू असतं. शेजारचे काका कुरकुरतात, पण त्यांच्या देव्हाऱ्याची जाळी कापून दिल्यापासून आवाज जरा खाली आलाय. थंडीत मात्र सकाळी पहिली पंधरा मिनिटं मशीन नुसतं हळू फिरवतो, ग्रीस घट्ट झालेलं असतं.

माझा जुना डायल आणि मॅग्नेटिक स्टँड उद्या कुरियर करतो. स्टँड ॲल्युमिनियमवर चिकटणार नाही, खाली लोखंडी पट्टी बोल्टने बसव. मोटारींची ऑर्डर तेवढी थांबव. वाचलेल्या पैशातून ३६ चा सप्लाय येऊन वर वहिनींची साडी निघेल, हे त्यांनाही सांगून टाक. तिन्ही चाचण्यांचे आकडे वेगवेगळे लिहून कळव, सरासरी काढू नकोस.

तुझा,
विन्या