सायक्लोनची फेरी न घडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय : अमेरिका सहलीत ठरलेली रोलर कोस्टरची फेरी न मिळाल्याने पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

एप्रिलमध्ये आम्ही पती-पत्नी आपल्या अमेरिका सहलीला गेलो होतो. आपल्या पत्रकात 'न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील सायक्लोनमध्ये फेरी, तिकिटासह' असं स्पष्ट छापलं आहे आणि त्यासाठी माणशी ४,८०० रुपये वेगळे घेतले. पावती जोडली आहे.

मंगळवारी सकाळी बस पोचली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. आपले टूर मॅनेजर म्हणाले, "काका, बाहेरून फोटो काढा, दिसतोय ना सगळा." पंधरा मिनिटांत बस निघाली आणि पुढचे अडीच तास आम्ही मॉलमध्ये बसून होतो.

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. ही सहल निवडली ती पत्रकातल्या त्या एका ओळीसाठी. सायक्लोन १९२७ सालचा, ८५ फूट उंच. सांगाडा लोखंडी, पण गाडी धावते लाकडावर: फळ्यांचे थर एकावर एक बसवायचे आणि चाकांसाठी वर पोलादी पट्टी ठोकायची. भार आला की लाकूड दबतं, गेला की सावरतं. ते अंगाला कसं जाणवतं, हे मला बसून अनुभवायचं होतं. कुंपणातून मला जुन्या, रंगवलेल्या लाकडात बसवलेली एक नवी कोरी फळी दिसली, सांधा इतका नेटका की नख शिरलं नसतं. म्हणजे तिथले कारागीर आजही त्या रुळाची निगा राखतात. फेरी जेमतेम दोन मिनिटांची, पण या वयात मी तिथे पुन्हा जाणार नाही.

आपल्या ऑफिसात विचारलं तर 'हवामानामुळे बंद होतं' असं उत्तर मिळालं. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, फोटो पाठवत आहे. खरं कारण फाटकावरच लावलं होतं: त्या आठवड्यात पार्क फक्त शनिवार-रविवारी सुरू. पैसे घेण्याआधी ते वेळापत्रक आपण पाहायला हवं होतं.

दोघांचे मिळून ९,६०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत, अन्यथा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. आणि आपल्या पुढच्या एप्रिलच्या सहलीतही कोनी आयलंड मंगळवारीच आहे. ते कृपया शनिवारी न्या.

आपला,
एक ग्राहक
सोबत : पावती, पत्रकाची प्रत, फोटो